शाळेत मुलानं 'काहीतरी' सांगितलं, तर पुढे नेमकं काय व्हायला हवं?

समजा, दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत बाईंजवळ येते आणि म्हणते, "बाई, मला त्या काकांबरोबर गाडीत नाही जायचं." एवढंच. पुढे काही बोलत नाही, रडत नाही, आणि दोन मिनिटांनी खेळायलाही निघून जाते.

बाईंसमोर त्या क्षणी अनेक शक्यता असतात. काका ओरडले असतील. गाडीत गर्दी होत असेल. शेजारी बसणारा मुलगा चिमटे काढत असेल. किंवा काहीतरी गंभीर असेल. बाईंना अजून चाळीस पोषण आहाराच्या ताटांचा हिशेब लिहायचा आहे, दोन ऑनलाइन माहित्या भरायच्या आहेत.

शाळेतली मुलांची सुरक्षितता या विषयावर आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर सीसीटीव्ही, गेट आणि वॉचमन येतात. पण बहुतेक प्रकरणांची सुरुवात अशा एका वाक्यानं होते. ते वाक्य ऐकणाऱ्या मोठ्या माणसानं पुढच्या काही तासांत काय केलं, यावर बाकीचं बरंच काही ठरतं. त्यामुळे कायदा त्या माणसाकडून काय मागतो, महाराष्ट्रात त्यासाठी कोणती व्यवस्था आहे आणि ती कुठे अडकते, ते समजून घेऊया.

बदलापूरनंतर काय बदललं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्याच स्वच्छता कर्मचाऱ्यानं लैंगिक अत्याचार केल्याचं समोर आलं. या लेखात शाळेचं नाव नाही, त्याला कारण आहे. पॉक्सो कायद्याचं कलम २३ पीडित मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतं आणि त्या ओळखीत मुलाच्या शाळेचाही समावेश होतो. तेव्हा अनेकांनी, माध्यमांनीही, हे पाळलं नाही.

पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. १६ ऑगस्टला गुन्हा नोंद झाला, १७ ला आरोपीला अटक झाली. २० ऑगस्टला लोक रस्त्यावर आणि रेल्वे रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेची त्या भागातली वाहतूक दिवसभर ठप्प झाली. दोनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले आणि शाळेनं घटनेची माहिती पोलिसांना का दिली नाही, हेही विचारलं.

२३ सप्टेंबरला आरोपीचा पोलिसांच्या गाडीत गोळीबारात मृत्यू झाला. तिथून पुढे सगळी चर्चा एन्काउंटरभोवती फिरू लागली. ती चर्चा गरजेची होतीच. पण तिच्या गोंगाटात शाळेबद्दलचे प्रश्न मागे पडले. हा माणूस कंत्राटी पद्धतीनं शाळेत आला तेव्हा त्याच्याबद्दल कोणी काय तपासलं होतं? इतक्या लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी महिला कर्मचारी का नव्हती? पालक पहिल्यांदा शाळेत गेले, तेव्हा शाळेनं काय केलं? शाळेतल्या सीसीटीव्हीचं पंधरा दिवसांचं चित्रीकरण मिळत नसल्याचं तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं.

शाळेच्या अध्यक्ष आणि सचिवांवर माहिती न दिल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना अटकही झाली. संस्थाचालकांपर्यंत हे कलम पोहोचू शकतं, हे राज्यातल्या अनेक शाळांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ ला, शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. महिन्याभरात सीसीटीव्ही लावा आणि चित्रीकरण नियमित तपासा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमा, तक्रार पेटी लावा, सखी सावित्री समिती आठवड्याभरात स्थापन करा, अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, अशा सूचना त्यात होत्या.

यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या नव्हत्या. तक्रार पेटीचा आदेश २०१७ चा आहे, सखी सावित्री समितीचा शासन निर्णय मार्च २०२२ चा. म्हणजे जे आधीच असायला हवं होतं, तेच पुन्हा करायला सांगावं लागलं. उच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर मे २०२५ मध्ये सरकारनं शाळांसाठी पुन्हा एकत्रित सूचना काढल्या.

थोडक्यात, नियमांची कमतरता नाही.

कायदा शिक्षकाला काय सांगतो?

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यातलं कलम १९ प्रत्येक शिक्षकानं एकदा तरी स्वतः वाचायला हवं. असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडू शकतो अशी भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीनं ती माहिती स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला दिलीच पाहिजे, असं हे कलम सांगतं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, कायदा 'खात्री' मागत नाही. पुरावे गोळा करा, चौकशी करा, मग या, असं तो म्हणत नाही. दुसरी, माहिती पोलिसांना द्यायची आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी संस्थेला सांगितलं, म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. शासन निर्णयातली शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवण्याची सूचना वेगळी आहे, ती पोलिसांना कळवण्याच्या जागी येत नाही. शाळांमध्ये हा घोळ बराच दिसतो. 'वर कळवलंय' म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं.

माहिती न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या व्यक्तीनं केलेल्या गुन्ह्याची माहिती दडवली तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमात येतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा त्यातून गुन्हेगारालाच संरक्षण मिळतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मग शिक्षक घाबरतात कशाला? सगळ्यात मोठी भीती म्हणजे, 'आपण कळवलं आणि ते खोटं निघालं तर?' कायद्यात त्याचं उत्तर आहे. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलंय. जाणूनबुजून, बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे, पण मुलानं चुकीची माहिती दिली तरी मुलाला शिक्षा होत नाही.

दुसरी भीती मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. खासगी संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम करणारी शिक्षिका संस्थाचालकाच्या नातेवाइकाविरुद्ध पोलिसांत जाईल का? गावात भाड्याच्या खोलीत राहणारे जिल्हा परिषदेचे गुरुजी सरपंचाच्या पुतण्याचं नाव घेतील का? कायदा त्यांना खटल्यापासून वाचवतो. नोकरी, बदली, गावातला बहिष्कार यापासून वाचवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. शिक्षकांना नुसतं 'संवेदनशील व्हा' म्हणून भागणार नाही, असं वाटतं ते यामुळेच.

ऐकायचं कसं?

मूल एका बैठकीत सगळं सांगत नाही. ते आधी चाचपडून बघतं. 'बाईंना सांगितलं तर बाई ओरडतील का', हे तपासण्यासाठी अर्धवट काहीतरी बोलतं. त्यामुळे पहिल्या प्रतिसादाला फार महत्त्व आहे.

बाल संरक्षणाच्या क्षेत्रात जगभर शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी तशा साध्या आहेत. शांतपणे ऐका. 'मग काय झालं?' असं मोकळं विचारा, पण 'त्यांनी तुला इथे हात लावला का?' असं उत्तर सुचवणारं विचारू नका. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावंच लागेल. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही' एवढं नक्की म्हणा. आणि मुलाचे शब्द, त्याच्याच बोलीत, तारीख आणि वेळ टाकून लगेच लिहून ठेवा. मुलानं 'शू करायच्या जागी' म्हटलं असेल तर तसंच लिहा, त्याचं शुद्ध मराठीत रूपांतर करू नका.

न करायच्या गोष्टींमध्ये सगळ्यात घातक आहे ती शाळेची 'अंतर्गत चौकशी'. होतं असं की बाई मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापक मुलीला ऑफिसात बोलावतात. चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून तिला पुन्हा पुन्हा तेच विचारतात. मग 'त्या' माणसाला बोलावून समोरासमोर विचारलं जातं. तो अर्थातच नाही म्हणतो. मुलगी घाबरून गप्प होते किंवा तिचं म्हणणं बदलतं. आणि शाळा निष्कर्ष काढते की तसं काही नव्हतं.

यात हेतू वाईट असतोच असं नाही. अनेकदा शाळेला खरंच वाटतं की आपण खातरजमा करतोय. पण तोवर संशयिताला सावध व्हायला वेळ मिळालेला असतो, पुरावे गेलेले असतात आणि मुलीचा मोठ्या माणसांवरचा विश्वासही गेलेला असतो. शिवाय हे तपासणं शाळेचं कामच नाही.

पोलिसांनी मुलाशी कसं वागायचं, हेही कायद्यात बारकाईनं सांगितलंय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, त्या वेळी गणवेश नको, पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे, त्यासाठी आधी गुन्हा नोंदवून या असं म्हणता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाला आणि पालकांना पुढच्या खटल्यात मदत करायला समिती एक सहायक व्यक्ती देऊ शकते, हे तर फारच कमी पालकांना माहीत असतं.

सगळीच प्रकरणं पोलिसांची नसतात

आपल्याकडे बाल सुरक्षा म्हटलं की थेट लैंगिक अत्याचारच डोळ्यांसमोर येतात, हीही एक अडचण आहे. प्राथमिक शाळेत शिक्षकाला रोज दिसणाऱ्या काळज्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. सोमवारी मूल जास्त भुकेलेलं येतं, कारण शनिवारच्या शाळेनंतर नीट जेवणच मिळालेलं नसतं. एखाद्याच्या हातावर वळ असतात. एखादा आठवडाभर त्याच कपड्यांत येतो. आई वारल्यापासून एखादी मुलगी वर्गात झोपते, कारण पहाटे उठून धाकट्या भावाचं तीच करते.

यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी पोलीस नको असतात, पण कोणीतरी हवं असतं. ती माणसं कागदावर आहेत. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी पाच जणांची बाल कल्याण समिती असते, तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, किंवा पालक सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी पत्रक आहे.

हे सगळं शिक्षकाला माहीत असेल तर त्या मुलीच्या वडिलांना एक अर्ज भरून देता येतो. माहीत नसेल तर ती 'वर्गात झोपणारी' म्हणून ओळखली जाते. आणि मला वाटतं, शाळेच्या सुरक्षा व्यवस्थेची खरी परीक्षा या लहान गोष्टींतच होते. भूक, वळ, झोप यांकडे लक्ष जाणाऱ्या शाळेत मोठी गोष्ट सांगायला मूल धजावतं.

शाळेतल्या मारहाणीबद्दलही बोलायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. तरी 'छडी लागे छमछम'ची आठवण अजूनही कौतुकानं काढली जाते. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास केला होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. त्याच अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. आकडे जुने आहेत, पण इतका मोठा सरकारी अभ्यास त्यानंतर झालेला नाही. ज्या बाईंच्या हातात पट्टी आहे, त्यांना मूल काय सांगणार?

समिती, पेटी, कॅमेरा: कुठे काय अडतं?

सखी सावित्री समितीची कल्पना चांगली आहे. शाळा, केंद्र आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर ती असायला हवी. शाळेच्या समितीत महिला शिक्षक, समुपदेशक, वैद्यकीय क्षेत्रातली महिला, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असं अपेक्षित आहे. पण दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेचा विचार करा. तिथे दोन्ही शिक्षक पुरुष असू शकतात. समुपदेशक तालुक्यालाही सहज मिळत नाही. मग दर्शनी भागात नावांचा फलक लागतो आणि त्या नावांची एकत्र भेट फोटोपुरती होते.

तक्रार पेटीचंही तसंच. सातवीतल्या मुलाला ती उपयोगी पडू शकते. पण पहिलीतलं मूल, ज्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत, ते त्या पेटीत काय लिहून टाकणार? आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर?

सीसीटीव्हीला मी निरुपयोगी म्हणणार नाही. येण्याजाण्याच्या वाटा, व्हरांडे, मैदान इथे त्याचा उपयोग आहे. पण तो स्वच्छतागृहात लावता येत नाही आणि लावूही नये. बसमध्ये, शिकवणीच्या खोलीत, घरी तर तो नसतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दरवर्षी एकच गोष्ट सांगते. पॉक्सोतल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. कुटुंबातला, शेजारचा, ओळखीतला. म्हणजे बहुतेक वेळा गुन्हा शाळेत घडलेलाच नसतो. पण तो सांगण्याची जागा शाळा असू शकते, कारण घराबाहेरचा, रोज भेटणारा विश्वासातला मोठा माणूस म्हणजे बहुतेक मुलांसाठी शिक्षकच असतो.

वाहतुकीचा विषय वेगळा लेख मागतो. इथे एवढंच सांगते की महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत. बसमध्ये महिला सहायक आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणं त्यात अपेक्षित आहे. पण पालकांनी परस्पर ठरवलेल्या रिक्षा आणि व्हॅनबद्दल शाळा हात वर करतात. सुरुवातीच्या उदाहरणातली मुलगी नेमकी अशाच गाडीबद्दल बोलत असू शकते.

पोलीस पडताळणीवर किती विसंबायचं?

२०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळानं करणं शाळांवर बंधनकारक आहे. यात कंत्राटी कर्मचारीही आले. प्रत्यक्षात कंत्राट एजन्सीला दिलं की कागदपत्रं 'एजन्सीकडे असतील' असं उत्तर येतं.

पण पडताळणी नीट झाली तरी ती काय सांगते? त्या माणसावर गुन्हा नोंद आहे की नाही, एवढंच. याबाबत इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याबद्दल दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे आधी अनेक तक्रारी आल्या होत्या, पण नोकरी देताना त्या समोर आल्याच नाहीत. त्यानंतरच्या बिचर्ड चौकशीतून तिथली कर्मचारी तपासणीची पद्धत नव्यानं उभी राहिली.

आज इंग्लंडमधल्या प्रत्येक शाळेत बाल संरक्षणाची जबाबदारी असलेली एक वरिष्ठ व्यक्ती नेमलेली असते. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना हे नाव शाळेच्या प्रवेशद्वारापाशीच, फोटोसकट दिसतं. कोणत्याही शिक्षकाला, सफाई कर्मचाऱ्याला किंवा स्वयंपाक्याला काही खटकलं तर कोणाकडे जायचं, हे ठरलेलं असतं. मुलाच्या हातावरचा एक वळ कदाचित काहीच सांगणार नाही, पण तीन महिन्यांत तीन जणांनी लिहिलेल्या तीन नोंदी एकत्र ठेवल्या की चित्र दिसू लागतं. या व्यवस्थेतही चुका होतात, मुलं तिथेही सुटतात आणि त्यावर तिथेही चौकशा बसतात. पण 'हे कोणाचं काम आहे' हा प्रश्न तिथे पडत नाही.

आपल्याकडे समितीत दहाबारा नावं असतात आणि नेमका हाच प्रश्न उरतो. शिवाय एखाद्या शाळेत कर्मचाऱ्याबद्दल कुजबुज झाली, संस्थेनं 'बदनामी नको' म्हणून त्याला गुपचूप राजीनामा द्यायला लावला, तर पुढच्या शाळेला ते कळायचा मार्ग नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे, शाळांना ती पाहता येत नाही.

केंद्राच्या पातळीवरही घटना घडल्यावरच हालचाल झालेली दिसते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यातून २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची शाळा सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं आली. मूल शाळेच्या ताब्यात असताना जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट केलंय, खासगी शाळांच्या व्यवस्थापनासह. तीन वर्षांनंतरही अनेक राज्यांनी ती लागू केली नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये, बदलापूरचं प्रकरण ताजं असताना, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना ती लागू करायला सांगावं लागलं.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

'शाळेत सीसीटीव्ही आहे का?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. त्यापेक्षा 'चित्रीकरण किती दिवस साठवता आणि शेवटचं कोणी पाहिलं?' असं विचारा.

लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण नेतं? कंत्राटी कर्मचाऱ्यांची पडताळणीची कागदपत्रं शाळेकडे आहेत का? माझ्या मुलानं वर्गशिक्षिकेला काही सांगितलं तर त्या कोणाला सांगतील आणि मला किती वेळात कळेल? सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली? शेवटच्या प्रश्नावर थोडी शांतता पसरेल, पण तो विचाराच.

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पालकांकडे एक ताकद आहे, जी फारशी वापरली जात नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीच्या बैठकीत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहायला लावता येतो. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे विचारावं लागेल.

घरच्या पातळीवर, 'गुड टच, बॅड टच' एकदा शिकवून मोकळं होऊ नका. लहान मुलाला स्पर्श 'वाईट' वाटेलच असं नाही. अत्याचार करणारा माणूस अनेकदा लाड करतो, चॉकलेट देतो, 'हे आपलं गुपित' म्हणतो. म्हणून हल्ली सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श असे शब्द वापरले जातात आणि मुलांना गुपितांबद्दल शिकवलं जातं. आईबाबांपासून लपवायला सांगितलेलं कोणतंही गुपित पाळायचं नाही, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. मुलग्यांनाही हे सांगा. २००७ च्या त्याच अभ्यासात लैंगिक छळ सांगणाऱ्यांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं.

आणि शाळेनं टाळाटाळ केली तर शाळेची वाट बघू नका. पालक स्वतः कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकतात. हद्द कोणाचीही असली तरी आधी गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांना बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती राज्य सरकारांमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. ती चोवीस तास चालू असते, फोन मोफत असतो आणि तो मूल स्वतःही करू शकतं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या पॉक्सो ई-बॉक्सवर ऑनलाइन तक्रारही करता येते.

१०९८ हा आकडा शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. तो बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर, मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा तो तुमच्या मुलाला वाचता येतो का, ते त्यालाच उभं करून बघा.